वस्तीवरची बाहेरची ट्यूब : कोणती घ्यावी आणि कुठे लावावी



ऊस विकास विभागाने बेणे आणि खत सोडून दिव्याबद्दल लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण चौसाळा गटात बीड-धाराशिव रस्त्याच्या दोन्ही अंगांना कितीतरी वस्त्या अशा आहेत की, अंगण संपले की उसाची सरी सुरू होते. तिथे बाहेरची बत्ती घराची तशीच पिकाचीही बाब आहे. आम्ही संध्याकाळचे फिरतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. दाराच्या चौकटीवर चार फुटी पांढरी ट्यूब, तिच्यावर छप्पर नाही आणि ती रात्रभर लख्ख चालू. ही जागाही चुकीची आणि रंगही चुकीचा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्यूब पेटते कशी ते आधी पाहू. काचेच्या नळीत थोडा पारा असतो. वीज नळीतून गेली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीला आतून लावलेली पांढरी भुकटी त्या किरणांचा उजेड करते. चोक सुरुवातीला जोराचा झटका देतो आणि नंतर वीज आवरून धरतो. स्टार्टर फक्त पेटण्यापुरता लागतो, म्हणून पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढला तरी ती चालू राहते. तांब्याचा चोक दणकट असतो, पण व्होल्टेज १८०च्या खाली उतरले की ट्यूब नुसती लपकझपक करत बसते. तिची टोके काळी पडतात आणि ती लवकर मरते. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब कमी दाबावर पेटते, मात्र विजेचा फटका आला की चोकच जातो.

आता किड्यांचे. रात्रीच्या किड्यांना निळसर पांढरा उजेड आणि अतिनील किरण फार ओढतात, पिवळा त्या मानाने कमी. पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा भाग भरपूर असतो, थोडे अतिनीलही काचेबाहेर येते. म्हणून पावसाळ्यात ट्यूबखाली पाखरांचा नुसता खच पडतो. किडे आले की बेडूक आणि पाली येतात, आणि बेडकामागे साप येतो. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्यातली मण्यार रात्रीच हिंडते, घरात शिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची खूण कधीकधी नीट दिसतही नाही. म्हणजे दारावरची ट्यूब उजेड देते खरी, पण उंबऱ्यापाशी बाजारही भरवते.

उजेड नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ऊसतोडीला जोडपी गेली की मागे म्हातारी माणसे आणि पोरे राहतात. त्यांना रात्री उठून गोठ्यात किंवा संडासला जावे लागते, तेव्हा पायाखालची जमीन दिसलीच पाहिजे. त्यासाठी दिवा दारापासून दूर हवा आणि त्याचे तोंड दाराकडच्या वाटेकडे हवे. गोठ्याची भिंत किंवा अंगणाच्या टोकाचा स्वतःचा खांब त्याला चांगला. उंची आठ-दहा फूट पुरे. वरून पत्र्याची टोपी घाला, म्हणजे उजेड खाली पडेल, आभाळात जाणार नाही आणि लांबच्या किड्यांनाही दिसणार नाही. बटण मात्र आतमध्ये, खाटेवरून हात पोचेल तिथे घ्या. दिवा लावायचा आणि मग उतरायचे. रात्रभर जाळायची गरजच उरत नाही.

घ्यायचा दिवा पिवळसर उजेडाचा घ्या. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७०० ते ३००० केल्विन असे छापलेले असते. दुकानदार बहुधा ६५०० वाला पांढरा पुढे करतो, कारण तो दुकानात जास्त झगमगतो. उघड्यावर लावायचा असेल तर आयपी ६५ हा आकडाही पाहा. धूळ आणि पावसाच्या पाण्यापासून तो दिवा सांभाळलेला असतो.

ट्यूब की एलईडी, हे विचारणाऱ्यांसाठी साधा हिशेब. ४० वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून ५० ते ५५ वॅट खातात. रात्री दहा तास चालली तर अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. २० वॅटची एलईडी पट्टी तेवढ्याच वेळात महिन्याला सहा युनिट घेते. शिवाय तिच्यातून अतिनील जवळजवळ निघत नाही. केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून २०१५ पासून एलईडी बल्ब घरोघर गेले, तेव्हा हा दिवा आता कुणाला नवा नाही. तिचे दुखणे एकच, वीज कमीजास्त झाली की ती दगावते. म्हणून ‘सर्ज’ संरक्षण लिहिलेली घ्या आणि पावती जपून ठेवा.

मग जुनी ट्यूब टाकून द्यायची का? उन्हाळाभर टाकू नका. तिची खरी जागा हुमणीच्या सापळ्यावर आहे.

हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की मे-जूनमध्ये दिवस मावळताना जमिनीतून निघतात आणि लिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. पाला खातात, तिथेच नर-मादी एकत्र येतात आणि पहाटे परत मातीत जाऊन मादी अंडी घालते. त्या अंड्यांतून निघालेली अळी ऑगस्ट ते ऑक्टोबर उसाच्या मुळ्या कुरतडते. ऊस पिवळा पडतो, हाताने ओढला तर उपटून येतो. तेव्हा औषध ओतण्याला फारसा अर्थ राहत नाही. वर्षाला एकच पिढी होते, म्हणून अंडी घालण्याआधी मारलेला भुंगेरा फार मोलाचा.

त्या दिवसांत संध्याकाळी सात ते दहा दारचा दिवा बंद ठेवा आणि बांधावरच्या लिंबाजवळ पांढरी ट्यूब लावा. खाली पसरट घमेल्यात पाणी आणि त्यावर रॉकेल किंवा डिझेलचा पातळ थर. आलेला भुंगेरा त्यात पडतो. दहानंतर काठीने फांद्या हलवून उरलेले गोळा करा. घमेले नसताना नुसती ट्यूब जाळणे म्हणजे भुंगेऱ्यांना आवतण देणे होय. हे काम एकट्याने करून उपयोग थोडा. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केले तर फरक पडतो. घमेल्यातले पाणी विहिरीजवळ ओतू नका, जनावरांपासूनही दूर ठेवा.

पाणी आणि वीज जवळ आली की जपावे लागते. वायर अखंड हवी, सांधा असेल तर तो डब्यात हवा. घमेल्याला हात लावण्याआधी बटण बंद. बाहेरच्या लाईनवर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी टाकत जा, आपल्याकडची जमीन मार्चपासूनच कोरडी पडते. पंपाच्या लाईनवर दिवा टाकू नका. ती पाळीने येते आणि नेमक्या वेळी अंधार करते. आकडा तर नकोच.

ट्यूब फुटली तर माणसे पंधरा मिनिटे बाजूला करा, वारा खेळू द्या. झाडू मारू नका, पुठ्ठ्याने काचा उचला, ओल्या फडक्याने भुकटी टिपा आणि सगळे डब्यात बंद करून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यावर टाकली तर ती शेणखतातून आपल्याच उसात जाईल. पारा म्हणजे काय, हे जपानमधल्या मिनामाता गावाने सोसले. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेल्याचा तो आजार १९५६ साली उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ च्या बैठकीत या करारातल्या देशांनी घरगुती लांब ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले. त्यामुळे नवीन चोक-ट्यूबचा संच घेऊन पैसे अडकवू नयेत. घरात आहे ती सापळ्यावर वापरून संपवावी.

सापळा कसा बांधायचा ते पाहायचे असेल तर वळवाच्या आधी गट कार्यालयात नाव द्यावे. चार-पाच वस्त्यांची नावे एकत्र आली तर आमचा माणूस बांधावर येऊन उभा करून दाखवील.

– ऊस विकास अधिकारी