जरा मोजे काढता का?

फुल बॉडी चेकअपच्या जाडजूड फाइलमध्ये सगळं काही असतं. फक्त तुमच्या पायाला कुणी हात लावलेला नसतो!

शेवटचं कधी एखाद्या डॉक्टरनं तुम्हाला मोजे काढायला सांगितले होते? आठवा, आठवा... नाही ना आठवत? गेल्या महिन्यात मी हा प्रश्न ओळखीतल्या झाडून सगळ्या नोकरदार मंडळींना विचारला. आयटीतला मित्र, बँकेतली वहिनी, नाइट शिफ्ट करणारा मामेभाऊ. ऑफिसनं करून दिलेल्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट प्रत्येकाकडे होता. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, सगळं कसं आकड्यांसकट आणि रंगीत आलेखांसकट. पण पायाची नाडी? ‘पायालाही नाडी असते?’ इति मामेभाऊ.

असते तर! एकेका पायात चार ठिकाणी सापडते. जांघेत, गुडघ्याच्या मागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वर. हे मला कळलं उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये, गजानन मार्केटजवळच्या गल्लीतल्या एका छोट्याशा दवाखान्यात. डॉक्टर साठी ओलांडलेले, सिंधी, मराठी झकास बोलणारे. नाव छापायचं नाही ही त्यांची पहिली अट. ‘रांग वाढेल बेटा, आणि दुपारची झोप मला प्यारी आहे.’ त्यांच्याकडे सर्दी घेऊन गेलात तरी ते एकदा तरी पावलाला हात लावतात, अशी त्यांची मार्केटभर ख्याती आहे. काही जण त्यावरून हसतात. पण जातात त्यांच्याकडेच.

कॅम्प २ मध्ये पायांना एवढा मान का, हे मार्केटमध्ये एक चक्कर मारली की कळतं. कल्याण, डोंबिवली, बदलापूरची मंडळी इथं लग्नाचा बस्ता बांधायला येतात. गिऱ्हाईक गादीवर ऐसपैस, आणि ताग्यावर तागे उलगडणारा पोरगा सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री ते खाली येईपर्यंत उभा. गल्ल्यावरचे शेठ नेमके उलटे, मांडी घातली की जेवायलाच उठणार. हे शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत वसलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकी मिळाल्या, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं आणि कॅम्पांचे नंबर मात्र तसेच राहिले. शून्यातून दुकानं उभी करणाऱ्या पिढीनं पायांकडे बघितलं नाही. त्यांची नातवंडं आता लोकलला लटकत मुंबईतल्या ऑफिसात जातात. तीही बघत नाहीत!

हात हातात घेतला तो सोडेचनात

‘तपासणी म्हणजे नेमकं काय करता?’ असं मी विचारलं. उत्तर देण्याऐवजी त्यांनी मलाच स्टुलावर बसवलं. हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मला वाटलं ते बोलायचं विसरले. तर तपासणी केव्हाच सुरू झाली होती. तळव्यांचा रंग, दोन्ही हातांचा गरमपणा सारखा आहे का, नखांखाली काय दिसतं. मग दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी. दोन्हीकडचे ठोके सारख्याच जोराचे आहेत का, दोन्ही एकदमच येतात का, हे बघायला. नाडी बघायची ती दोन-तीन बोटांनी. अंगठ्यानं नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी असते आणि डॉक्टर पेशंटऐवजी स्वतःचेच ठोके मोजत बसू शकतो.

मग बीपी. इथं मी चकित झाले, कारण आधी पाच मिनिटं गप्प बसायला लावलं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगरेट झाली असेल तर नंतर या. आणि मोजलं दोन्ही हातांवर! दोन हातांच्या वरच्या आकड्यात पाच-सात पॉइंटचा फरक चालतो. पंधराच्या वर आणि तोही पुन्हा पुन्हा आला, तर एका बाजूची वाहिनी अरुंद आहे का ते शोधावं लागतं. आठवून बघा, तुमचं बीपी दोन्ही हातांवर कधी कुणी घेतलंय?

गळ्याची नाडी एका वेळी एकाच बाजूची बघायची. दोन्हीकडे एकदम दाबलं तर माणसाला भोवळ येऊ शकते. सिनेमातले डॉक्टर काय काय करतात ते सोडा. तिथंच स्टेथोस्कोप लावून ते ऐकतात. रक्त निवांत वाहत असेल तर काही ऐकू येत नाही. वाट अरुंद झाली असेल तर ठोक्याबरोबर ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो, नळाच्या तोंडावर बोट धरल्यासारखा.

आणि मग ते वाक्य. ‘जरा मोजे काढता का?’

आधी नुसतं बघणं. बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, घोट्याभोवती. न भरणारी बारीकशी जखम, तुकतुकीत ताणलेली कातडी, गळून गेलेले केस, जाड झालेली नखं. मग हाताची मागची बाजू गुडघ्यापासून बोटांपर्यंत फिरवत आणायची. कातडी अचानक गार लागते ती जागा लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघायची. दोन्ही पाय गार असतील तर कदाचित एसीची करामत. एकच गार असेल तर सावध! पायाचं बोट पाचेक सेकंद दाबून सोडलं की ते पांढरं पडतं आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. हे घरी करून बघायला मजा येते. पण गारठलेल्या खोलीत उशीर लागतोच, त्यामुळे नुसत्या त्यावरून घाबरून जायचं कारण नाही.

शेवटी पायातल्या नाड्या. तरुण वयात बीपी वाढलेलं असेल तर ते एक बोट जांघेत आणि एक मनगटावर ठेवतात. जांघेतला ठोका मागून येत असेल तर मुख्य रोहिणी जन्मापासूनच मध्ये आवळलेली असू शकते. गुडघ्यामागची नाडी सगळ्यात लाजरी, गुडघा थोडा वाकवून दोन्ही हातांच्या बोटांनी खोलवर शोधावी लागते. घोट्याची सोपी, आतल्या हाडाच्या जरा मागे. पावलावरची हवी असेल तर अंगठा वर उचला, जी दोरी ताठ होते तिच्या बाहेरच्या बाजूला चाचपा. मला ती तिसऱ्या प्रयत्नात सापडली आणि लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. तुम्हाला नाही सापडली तर लगेच टेन्शन घेऊ नका. काही ठणठणीत माणसांतही ती लागत नाही. घोट्यामागचीही लागली नाही, तर मात्र डॉक्टरकडे.

‘सायटिका’ नावाचा सोपा संशयित

याच खोलीत मला तो भेटला. वय ३४, साड्यांच्या दुकानात सेल्समन, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. दोन वर्षांपासून चालताना उजव्या तळव्यात गोळा यायचा. रेल्वेचा पूल उतरून दुकानापर्यंत येईतो चार-पाच वेळा थांबायचा. थांबलं की दोन-तीन मिनिटांत दुखणं गायब, चाललं की पुन्हा हजर. मोबाइल बघतोय असं दाखवत थांबायचो, असं त्यानंच सांगितलं. शेठला वाटू नये ना, पोरगा कामचुकार आहे! कुणीतरी सायटिका सांगितलं. कंबरेचा एक्स-रे झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या, तेल झालं. त्या दोन वर्षांत त्याचा बूट कुणीही काढला नव्हता.

इथं काढला. गुडघ्यामागची नाडी छान लागत होती. घोट्याच्या खाली दोन्ही गायब. करंगळीच्या टोकाला काळपट जखम. डॉक्टरांनी त्याला उताणं झोपवून दोन्ही पाय वर धरले. मिनिटभरात उजवं पाऊल मेणासारखं पांढरं पडलं. उठवून पाय खाली सोडायला लावले, तर तेच पाऊल हळूहळू जांभळट-लाल झालं. डावं तसंच, जसंच्या तसं. मशीन नाही, सुई नाही, खर्च शून्य.

या चाचणीला बर्गरचं नाव आहे, आणि त्याच्या आजारालाही. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं १९०८ मध्ये हा आजार सविस्तर मांडला. तंबाखू घेणाऱ्या तरुण माणसांच्या हातापायांतल्या छोट्या-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात, वाट बंद पडते. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचा. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट अगदी नॉर्मल असू शकतो! म्हणजे पॅकेजवाल्या फाइलमध्ये तो सापडणारच नाही. औषधं आहेत, पण खरा इलाज एकच. तंबाखू पूर्ण बंद. कमी करून चालत नाही, दिवसाला एक-दोन सिगरेटीही आजार जागा ठेवतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानटपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ज्यांनी खरोखर सोडली, त्यांचे पाय बहुतेक वेळा वाचतात.

त्याची करंगळी गेली. पाऊल राहिलं.

मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्याआधी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, आणि तुमच्या पुढच्या चेकअपला तुम्ही ती मागावी असं मला वाटतं. वडिलांना शुगर असेल तर त्यांच्यासाठी तर नक्कीच. दंडाला लावतात तसाच पट्टा घोट्याच्या वर लावायचा, पेनाएवढ्या डॉप्लरनं पावलातला आवाज ऐकायचा आणि घोट्याचं वरचं बीपी दंडाच्या बीपीनं भागायचं. निरोगी माणसात उत्तर एक किंवा थोडं जास्त. ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाची वाट अरुंद. आपल्या सेल्समनचं दंडाला १२० आणि घोट्याला ७२, म्हणजे ०.६. मात्र एक गोची आहे. बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या वाहिन्या कडक होऊन दबतच नाहीत आणि उत्तर १.४ च्याही वर जातं. ते बघून ‘वा, भरपूर रक्त!’ असं म्हणायचं नसतं. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

मुलींनो, दुसरा हातही पुढे करा

बर्गरनं लिहिलं त्याच १९०८ मध्ये जपानमध्ये मिकितो ताकायासू या नेत्रतज्ज्ञानं एका तरुणीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांची नोंद केली. पुढे त्या आजाराला नाव पडलं ‘पल्सलेस डिसीज’, नाडी नसलेला आजार. तो मुख्यतः तरुण बायकांना होतो, आणि आशियात, भारतातही, जास्त दिसतो. मोठ्या रोहिण्या सुजून अरुंद होतात. लक्षणं अशी की ती आपल्यापैकी कुणालाही असतील. थकवा, बारीक ताप, केस विंचरताना हात भरून येणं. एका हाताचं बीपी लागत नाही आणि मशीनला दोष दिला जातो. दुसऱ्या हातावर पट्टा बांधायला मोजून एक मिनिट लागतं.

हाताच्या गारव्याकडे नीट बघण्यानं काय होऊ शकतं, हे खुद्द महाराष्ट्रानं पाहिलंय. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, तेव्हा महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, बीपी आणि हातपायांचा गारवा टिपत होते. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. विषामुळे वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग त्यांनी वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं बीपीचं औषध दिलं आणि पेशंट वाचू लागले. १९८६ चा लेख त्याबद्दलच आहे. पेशंट बरा होतोय याची खूण कोणती? हातपाय गरम होणं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या कॅम्प २ च्या डॉक्टरांनी हे सगळं मला एका दमात सांगितलं, जणू घरातल्याच कुणाचं कौतुक.

खुर्चीवाल्यांसाठीही थोडं. संध्याकाळी दोन्ही पायांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो तो बहुतेक वेळा निरुपद्रवी. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघा. रोजच पडत असेल तर दाखवा. पण लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर चोळत बसू नका. आतल्या शिरेत गुठळी असू शकते. डॉक्टर टेपनं दोन्ही पोटऱ्या मोजतात, तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे सोनोग्राफीची तयारी. आणि हात किंवा पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडून भयंकर दुखायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. तिथं हिशोब तासांचा असतो.

उभ्या पोरांचं काय? केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांच्या बसण्याच्या हक्कासाठी कायदा बदलला. मार्केटमध्ये मी हे सांगितलं तेव्हा एक शेठ म्हणाले, ‘मॅडम, बसलेला पोरगा गिऱ्हाइकाला आळशी वाटतो.’ आपला सेल्समन ज्या दुकानात आहे, तिथं आता काउंटरमागे एक प्लास्टिकचं स्टूल आलंय. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं आलंय.

त्याला रोज चालायला सांगितलंय. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सिगरेट सुटून आठ महिने झालेत. परवा फोनवर बोलला. पुलापासून दुकानापर्यंत आता एकदाच थांबतो, आणि थांबताना मोबाइल काढत नाही.