हंडा, नाग आणि सब्बल

वऱ्हाडातल्या ओस पडलेल्या वास्तूंना पावसाने खाल्लं नसेल, एवढं हंड्याच्या गोष्टीने खाल्लं. हंडा म्हणजे मोहरांचा, भिंतीत पुरलेला, नागाने राखलेला आणि आजवर कोणालाच न गवसलेला. अकोल्याच्या आसपास पडके वाडे, गढ्या राखायची हौस असलेले आम्ही चार-सहा जण. आमची निम्मी ताकद या न दिसलेल्या हंड्याशी झुंजण्यातच जाते.

नाव कोरणाऱ्यांची जात वेगळी. ते दिवसाढवळ्या येतात आणि बोलून वळतात. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजात एक पोरगा मोटारसायकलची किल्ली काढून दगडाशी लागलाच होता. आमच्यासोबतचे शहानूरकडचे भाऊ त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याला वरचा 1487 सालचा शिलालेख दाखवला. बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने हा दरवाजा उभारला. पुढे तीनच वर्षांत याच गृहस्थाने वऱ्हाडची इमादशाही थाटली. एवढं सांगून भाऊ म्हणाले, ‘‘ज्यानं बांधलं, त्यानं नाव लिवलं. तू काय बांधलं, गड्या?’’ किल्ली मुकाट्याने खिशात गेली.

नरनाळ्याचं एक बरं आहे. गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, दिवस कलला की खाली उतरावं लागतं. रात्रीची राखण वाघाच्या धाकाने होते. गावातल्या गढीला तो धाक कुठला? वारस पुण्या-मुंबईला, दाराला गंजलेलं कुलूप आणि मागची भिंत पडलेली.

अशाच एका गढीत अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी हमखास नवा खड्डा दिसायचा. काठाशी कापलेली लिंबं, कुंकू, अर्धवट जळालेल्या उदबत्त्या. कुठून तरी पायाळू माणूस आणायचा, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचं आणि तो बोट दाखवेल तिथे सब्बल मारायची, असा तो कारभार. खरं तर भारतीय निखात निधी अधिनियम 1878 सालचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. गुप्तधनासाठी चालणारे अघोरी प्रकार 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात आले. दोन्ही कायदे मोठ्या अक्षरांत लिहून फलक लावला. पुढच्या अमावस्येला फलकाखालीच खड्डा! सरकार एवढं सांगतंय, म्हणजे खाली नक्की काहीतरी असणार, असा हिशेब.

मग लक्षात आलं की सगळे खड्डे एकाच कोपऱ्यात, बुरुजाच्या पायाशी पडतात. तिथे सब्बल आपटली की पोकळ घुमायचं. गावातले एक आजोबा ऐकून हसले. ‘‘अरे, पेव आहे थे!’’

वारसांना विचारून हे जमिनीखालचं धान्याचं पेव उघडायचं ठरलं, तेही बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत. तोंडावरची फरशी सरकवली. आजोबांनी कोणाला खाली उतरू दिलं नाही. आधी दोरीला कंदील बांधून आत सोडला. बंद पेवातली हवा वाईट, माणूस क्षणात गुदमरतो. अर्ध्यावर ज्योत बारीक होऊन विझली. तोंड तसंच उघडं ठेवून बराच वेळ थांबलो, पुन्हा कंदील सोडला, तो तळापर्यंत जळत राहिला. तोंड जेमतेम माणूस मावेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. भिंतींना शेणामातीचं लिंपण, तळाशी कुजलेला कडबा आणि काळी पडलेली ज्वारी. आंबूस वासाने पुढची रांग मागे सरली.

एक आजी कंबरेवर हात ठेवून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘म्हंजे इतके वर्स नाग ज्वारीच राखत होता काय बाप्पा?’’

सगळा बाजार हसला, आणि हंडा तिथेच फुटला. पेवाच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली, वर एक बल्ब. कुलूप आणि फलक यांना जे जमलं नाही, ते एका वाक्याने केलं. ज्या गोष्टीवर गाव हसलं, तिच्यासाठी रात्री सब्बल घेऊन यायची लाज वाटते. तेव्हापासून त्या बुरुजाशी खड्डा नाही.

आता गढीशी ट्रॅक्टर येतो. गढीची पांढरी माती घराला आणि शेताला चांगली, म्हणून भिंतच ट्रॉलीत भरून नेतात. यात ना नाग, ना अंजन. माती खरोखरच कामाची आहे. तिथे हसून भागत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. सध्या त्याच्याच मागे आहोत.