हरवलेल्या जीबींचा हिशेब

लॅपटॉपवर नवं काही टाकलेलं नाही, सिनेमे भरलेले नाहीत, तरी सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते. मग घाईघाईने हाताला लागेल ते उडवलं जातं, आणि हाताला बहुधा घरचे फोटोच लागतात. जागा अडवून बसलेली खरी फाइल मात्र तशीच राहते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: आधी हिशेब लावा, मग डिलीट करा. डिस्कवरची जागा कशाने ना कशाने व्यापलेलीच असते, आणि ते शोधून काढता येतं.

जी हरवलीच नाही ती जागा

डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं आणि पुढे जीबीच लिहितं. त्यामुळे २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, ५०० ची ४६५. इथे तक्रारीला जागा नाही.

दोन आकड्यांतला फरक

सी ड्राइव्ह उघडा. व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स' चालू करा. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. 'साइझ ऑन डिस्क' ही ओळ टिपून ठेवा. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधला 'यूज्ड स्पेस' बघा. समजा, पहिला आकडा १३० जीबी निघाला आणि दुसरा १९०. मधले ६० जीबी बहुतेक अशा ठिकाणी आहेत, जिथे तुमच्या खात्याला डोकावता येत नाही.

पहिला संशय 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरवर घ्यावा. रिस्टोअर पॉइंट इथे साठतात. अ‍ॅडमिन खात्यालाही तो सहसा उघडता येत नाही, म्हणून त्याचा आकार शून्य दिसतो. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा. 'करंट यूसेज'समोर त्याने खाल्लेली जागा दिसेल. खालची 'मॅक्स यूसेज'ची पट्टी मागे ओढली की जुने पॉइंट निघून जातात. सोय पूर्ण बंद मात्र करू नका. एखादं अपडेट बिघडलं तर माघारी जायची वाट तीच आहे.

त्यानंतर दोन दडलेल्या फाइली येतात. हायबरनेशनची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबींहून जास्त. हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद करून एवढी जागा मोकळी होते. फक्त त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप'ही जातं. पेजफाइल रॅमला हातभार लावते, तिला हात लावू नये.

मोठं अपडेट झाल्यावर

मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात राहतं. नेहमीच्या मांडणीत ते दहा दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर 'डिस्क क्लीनअप' सिस्टिम फाइलींसह चालवा. 'विनएसएक्सएस' हा फोल्डर अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे इतरत्र असलेल्याच फाइलींची दुसरी नावं असतात आणि त्या दोनदा मोजल्या जातात. तो हाताने कधीही पुसू नका.

नकाशा काढणारी साधनं

विनडरस्टॅट प्रत्येक फाइल तिच्या आकाराच्या रंगीत चौकोनाने दाखवतं. विझट्री डिस्कची फाइलयादीच थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत निकाल देतं. दोन्ही 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, नाहीतर वर सांगितलेला फरक तसाच राहील. या नकाशात बऱ्याचदा आयफोनचा विसरलेला बॅकअप, व्हिडिओ एडिटरची कॅशे किंवा फुगत गेलेली लॉग फाइल सापडते.

जागा रोज थोडीथोडी कमी होत असेल, तर रात्री मोकळ्या जागेचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी याच साधनात फाइली तारखेनुसार लावा. रात्रीतून वाढलेली फाइल वर येते आणि ती कोणत्या प्रोग्रामची आहे हे तिच्या फोल्डरवरून कळतं. नुसती फाइल पुसली तर ती पुन्हा वाढेल. त्या प्रोग्रामचं सेटिंगच बदलायला हवं.

पुसण्याआधी

वनड्राइव्हला जोडलेल्या फोल्डरातला फोटो इथे डिलीट केला, तर तो क्लाउडवरून आणि दुसऱ्या उपकरणांवरूनही जातो. जागाच हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा. फोटो क्लाउडवर राहतो, डिस्क मोकळी होते. आणि घरच्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय साफसफाईला बसू नका. विंडोज पुन्हा टाकता येतं, आजीचा एकुलता एक व्हिडिओ पुन्हा काढता येत नाही.