प्रकाशाची बोली व विजेची काटकसर

दिव्यानें उजेडाबरोबर निरोपही पोंचवावा, ही कल्पना आमच्या पुष्कळ वाचकांस अद्भुत वाटेल. परंतु ती नवी नाहीं. १८८० सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांचे सहकारी टेंटर यांनीं वॉशिंग्टन येथें सूर्यकिरणांच्या द्वारें मनुष्याचा आवाज सुमारें २१३ मीटर दूर पाठविला होता. आजचे एलईडी दिवे तर एका सेकंदांत लक्षावधि वेळां उघडझांप करूं शकतात, आणि डोळ्यांस उजेड मात्र स्थिरच दिसतो. या उघडझांपेंतून संदेश पाठविण्याच्या विद्येस एडिंबर्ग विद्यापीठांतील प्राध्यापक हॅराल्ड हास यांनीं २०११ सालीं ‘लायफाय’ हें नांव दिलें.

तिच्या वेगाची वर्णनें आपण वृत्तपत्रांत वाचतों; त्यासाठीं वीज किती जळली, हें मात्र क्वचितच छापलेलें दिसतें. वास्तविक हे दिवे आपण घरोघर लावले ते विजेच्या बचतीसाठींच. ती बचत निरोपापायीं गमवावी काय?

याची मेख दिव्यांत नसून त्यास वीज पुरविणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नामक मंडलांत आहे. दिव्याच्या वाटेवर ट्रान्झिस्टर बसवून प्रवाह अडवीत राहिलें, म्हणजे निरोप चोख जातो. पण तें बैल हाकीत असतांना चाकही दाबून धरण्यासारखें आहे. अडविलेली वीज उष्णता होऊन वायां जाते. दुसऱ्या रीतींत ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, आणि मधल्या काळांत तारेचें वेटोळें साठविलेली वीज पुरवितें. अशानें नऊदशांशांहून अधिक वीज दिव्यापर्यंत पोंचूं शकते. परंतु हें वेटोळें प्रवाहाचे चढउतार सपाट करतें, आणि निरोप तर त्या चढउतारांतच असतो! तो वांचवावा म्हणून ट्रान्झिस्टराची उघडझांप वाढवावी, तर प्रत्येक उघडझांपेस थोडी वीज खर्चीं पडते.

स्पेनमधील ओव्हिएदो विद्यापीठांतील संशोधकांनीं या कामाची वांटणी केली. उजेडाचा मोठा भार एका संथ मंडलावर, व निरोपाचें हलकें काम दुसऱ्या चपळ मंडलावर. एकत्र कुटुंबांत दळण आणि पाहुण्यांची सरबराई एकाच सुनेच्या गळ्यांत घालूं नये, हें आमच्या गृहिणींस कोणी शिकवावयास नको! याच मंडळींची दुसरी युक्ति आम्हांस अधिक आवडली. वेटोळ्यांतून येणाऱ्या प्रवाहावर एक बारीकसा तरंग नेहमींच उरतो. अभियंते तो दोष मानून घालवूं पाहतात. यांनीं तो राहूं दिला, आणि त्याचीच चाल मागेंपुढें करून त्याच्याकडून निरोप्याचें काम करून घेतलें.