आरंभी शून्य कोण ठेवणार?

धान्य तोलण्यापूर्वी दुकानदार रिकाम्या तराजूचा पासंग पाहतो. प्रयोगशाळेत तुम्हीही व्होल्टमीटरचा काटा शून्यावर आहे ना, हे आधी तपासता. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही हाच नियम लागू आहे.

समजा, ‘सी’ या भाषेत पाच विषयांच्या गुणांची बेरीज करायची आहे. ‘बेरीज’ नावाचे एक चल घेऊन त्यात ६२, ७१, ५८, ८० व ६९ हे गुण क्रमाने मिळवले. उत्तर ३४० यायला हवे. पण पहिले ६२ कशात मिळवायचे? चल म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक कप्पा. आधीच्या कामाचा आकडा त्यात तसाच पडून असू शकतो. तो ४०९६ असला, तर उत्तर ४४३६ येईल. कधी योगायोगाने तेथे शून्यच असते आणि उत्तर बरोबर येते! म्हणूनच ही चूक फसवी आहे.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली. फंक्शनच्या आत घेतलेले साधे चल ती आपणहून शून्य करीत नाही. त्यामुळे वेळ वाचतो. पण जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर मात्र चलापर्यंत जाणाऱ्या वाटा तपासतो आणि इशारा देतो, ‘या चलाला किंमत न देताच ते वापरले आहे.’

मग शून्य ठेवून मोकळे व्हावे काय? सर्वांत कमी गुण शोधताना आरंभी शून्य ठेवलेत, तर उत्तर नेहमी शून्यच येईल. इशारा गेला, चूक राहिली! तेथे पहिल्या विषयाचे गुण ठेवावे लागतात.

२००६ मध्ये डेबियन या संगणकप्रणालीत असेच घडले. किंमत न दिलेल्या स्मृतीविषयी एका तपासणी-साधनाने दिलेले इशारे थांबवण्यासाठी गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रॅममधील दोन ओळी वगळल्या गेल्या. त्यांतली एक ओळ किल्लीत खरी अनिश्चितता मिसळत होती. ती जाताच एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या. संगणकाला तेवढ्या पडताळून पाहणे सोपे! मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या.

तेव्हा इशारा हा प्रश्न समजा : येथे आरंभीची योग्य किंमत कोणती? आता तुम्हीच सांगा, पाच संख्यांचा गुणाकार करायचा असेल, तर आरंभी काय ठेवाल?