पुस्तकांतील यश आणि पेढीवरील हिशेब

व्यापारी घरांतील पुस्तकांच्या कपाटात गेल्या काही वर्षांत एक नवा कप्पा भरू लागला आहे. धार्मिक ग्रंथ, पंचांगे आणि जुने चोपडे यांच्या शेजारी आता परदेशी उद्योगपतींची आत्मचरित्रे आणि नेतृत्व, व्यवस्थापन यांवरील लोकप्रिय पुस्तके दिसतात. शिकून आलेली मुले-मुली ती आवडीने वाचतात. पेढीवर त्यांची चर्चा होते. आणि दुसरी शाखा काढावी की नाही, तोट्यातील माल बंद करावा की नाही, असे लाखो रुपयांचे प्रश्न कधी कधी अशा एखाद्या पुस्तकातील एका प्रकरणाच्या आधारे वडिलांपुढे मांडले जातात. वडील 'हे अमेरिकेत चालते' असे म्हणून विषय संपवतात, आणि घरात अबोला सुरू होतो. या पुस्तकांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. मात्र ते बहुधा ठळक अक्षरांतील सूत्रांत नसते. ते शोधावे लागते, आणि ते शोधण्याची दृष्टी रोजमेळ लिहिणाऱ्या माणसापाशी आधीपासूनच असते.

वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांचे 'मेड इन अमेरिका' हे आत्मचरित्र 1992 साली, त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झाले. त्यातील नियमांची यादी पुष्कळांना ठाऊक असते. त्याहून मोलाचा भाग मात्र न्यूपोर्ट या लहान गावातील त्यांच्या पहिल्या दुकानाचा आहे. 1945 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ते दुकान पंचवीस हजार डॉलरला घेतले. पाच हजार स्वतःचे, वीस हजार सासऱ्यांकडून कर्जाऊ. दुकानाची वार्षिक विक्री 72 हजार डॉलर होती. पाच वर्षांत ती अडीच लाखांवर गेली.

ही वाढ कशी झाली, याचा एक हिशेब त्यांनी दिला आहे. स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचा एक माल त्यांना नेहमीच्या पुरवठादाराकडून डझनाला अडीच डॉलरने पडे आणि तो एका डॉलरला तीन नग या भावाने विकला जाई. न्यूयॉर्कच्या एका दलालाकडे तोच माल डझनाला दोन डॉलरने मिळाला. दुसरा एखादा व्यापारी जुन्याच भावाने विकून वरचा अर्धा डॉलर खिशात टाकता. वॉल्टन यांनी एका डॉलरला चार नग लावले. म्हणजे डझनामागे दीड डॉलर सुटत होता, तेथे एकच सुटू लागला. पण विक्री इतकी वाढली की एकूण नफा पहिल्यापेक्षा अधिक झाला. घाऊक बाजारात आयुष्य घालवलेल्या आपल्या आजोबांना यात नवल वाटले नसते. नवल आहे ते त्यांनी त्याच तत्त्वावर पुढची चाळीस वर्षे न ढळता व्यापार केला याचे.

आणि मग त्या दुकानाचा शेवट. जागेच्या भाडेकरारात मुदत वाढवून घेण्याचे कलमच नव्हते. भाडे विक्रीच्या पाच टक्के होते. त्या धंद्यात एवढे भाडे कोणीच देत नाही, हे त्यांना मागाहून कळले. दुकान गावातील सर्वांत चालते झाल्यावर घरमालकाने करार वाढवण्यास नकार दिला. त्याला ते आपल्या मुलासाठी हवे होते. गिऱ्हाईक त्या जागेशी बांधलेले. गावात दुसरी योग्य जागा नाही. वॉल्टन यांना दुकान त्याच मालकाला विकून कुटुंबासह गाव सोडावे लागले. आपल्या व्यापारी आयुष्यातील तो सर्वांत खालचा काळ होता, असे ते लिहितात. आणि दोष घरमालकाला न देता करार नीट न वाचणाऱ्या स्वतःला देतात. पुढे बेंटनव्हिल येथे नवे दुकान घेताना शेजारच्या जागेचा त्यांनी नव्व्याण्णव वर्षांचा करार करून घेतला. पहिले वॉलमार्ट उघडले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1962 साली.

ज्यांची दुकाने पागडीच्या किंवा अकरा महिन्यांच्या कराराच्या जागेत आहेत, त्यांना या चार-पाच पानांतून जे मिळेल ते नेतृत्वाच्या दहा सूत्रांतून मिळणार नाही. यात भांडवल किती, ते कोणाचे, भाडे किती, नफा किती, चूक कोठे झाली, हे सर्व आकड्यांनिशी सांगितले आहे. आपल्या आकड्यांशी ते ताडून पाहता येते. जे पुस्तक असे ताडून पाहू देत नाही, त्यातून स्फूर्ती मिळत असेल. पण स्फूर्तीवर माल उधार मिळत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचे पुस्तक पाहू. जिम कॉलिन्स यांचे 'गुड टु ग्रेट' 2001 साली आले. पाच वर्षांचे संशोधन, 1435 कंपन्यांची छाननी, आणि त्यांतून निवडलेल्या अवघ्या अकरा. निवडीचा निकष एकच: आधी सामान्य असलेल्या कंपनीच्या समभागांनी नंतरची पंधरा वर्षे बाजाराच्या किमान तिप्पट परतावा दिलेला असावा. (या अकरांत सिगारेट बनवणारी फिलिप मॉरिसही आहे. परताव्याच्या तराजूत माल कोणता हे मोजले जात नाही. आपल्या घरांत ते आधी मोजले जाते.) पुस्तकातील काही व्यक्तिचित्रे खरोखर सुंदर आहेत. किंबर्ली-क्लार्कचे डार्विन स्मिथ हे कंपनीचेच वकील. 1971 साली प्रमुख झाले, अबोल आणि साधे. त्यांनी ज्या कागदगिरण्यांवर कंपनी उभी होती त्या विकल्या आणि तो पैसा थेट घरांत वापरल्या जाणाऱ्या मालात घातला. स्वतःचा गाजावाजा न करणारा माणूसच मोठे काम करून जातो, ही त्या पुस्तकातील मुख्य गोष्ट आपल्याला पटणारी आहे.

परंतु त्याच अकरा कंपन्यांत सर्किट सिटी हे विद्युत उपकरणांच्या दुकानांचे जाळे होते. योग्य माणसे आधी जमवावीत, असा ज्या पुस्तकाचा आग्रह, त्यातील या आदर्श कंपनीने मार्च 2007 मध्ये सुमारे 3400 विक्रेते कामावरून काढले. कारण एवढेच की त्यांचा पगार इतरांहून अधिक होता. म्हणजे जे अनुभवी होते तेच गेले. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि 2009 मध्ये सर्व दुकाने बंद झाली. यादीतील दुसरी संस्था, फॅनी मे, सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकन सरकारला आपल्या ताब्यात घ्यावी लागली. कॉलिन्स यांचा प्रामाणिकपणा असा की मोठ्या कंपन्या कशा कोसळतात यावर त्यांनी 2009 साली वेगळे पुस्तक लिहिले आणि त्यात सर्किट सिटीचाही विचार केला. ते पुस्तक मात्र आपल्याकडे फारसे कोणी भेट देत नाही.

या दोषावर फिल रोझेन्झ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' (2007) या पुस्तकात नेमके बोट ठेवले आहे. कंपनी नफ्यात असली की तिचा प्रमुख दूरदर्शी ठरतो. तीच तोट्यात गेली की तोच माणूस हट्टी ठरतो. बाजारातही हेच चालते. कर्ज काढून शाखा उघडणाऱ्या दहांपैकी जो तरला त्याचे धाडस सांगितले जाते. उरलेल्या नऊ जणांचे चोपडे कोणी छापत नाही. तेव्हा मुलाने पुस्तकातील धाडसाचे उदाहरण दिले, तर ते खोटे म्हणून झटकू नये. तेच धाडस करून बुडालेले आपल्या बाजारपेठेतील कोण, हे त्याच्यासह बसून आठवावे.

वडील पिढीने वाचावे असे पान अँडी ग्रोव्ह यांच्या 'ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह' (1996) मध्ये आहे. इंटेल ही कंपनी 1968 साली स्मृती-चिप बनवण्यासाठीच स्थापन झाली. जपानी मालापुढे तो धंदा टिकेना, तरी सोडवेना; ती कंपनीची ओळख होती. 1985 साली ग्रोव्ह यांनी सहकारी गॉर्डन मूर यांना विचारले की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला, तर तो काय करील? मूर यांनी उत्तर दिले की तो हा धंदा सोडून देईल. मग ते आपणच का करू नये, असे ग्रोव्ह यांनी म्हटले आणि तसे केले. गिऱ्हाइकांना याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, असेही ते नोंदवतात. ज्या पेढीवर आजोबांनी सुरू केलेला माल केवळ आजोबांनी सुरू केला म्हणून तोट्यात चालू आहे, तेथे हा प्रश्न वडिलांनी स्वतःच विचारावा. मुलाने विचारला तर तो उद्धटपणा वाटतो.

असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलाच नाही असे नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. त्यात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. 1919 साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. 1940 साली बंगळूरला विमानाचा कारखाना उभा राहिला आणि युद्धकाळात, 1942 साली, तो सरकारने आपल्याकडे घेतला. हे चरित्रही केवळ अभिमानाने न वाचता भागीदार कसे निवडले, परकीय सरकारशी व्यवहार कसा सांभाळला, हे पाहत वाचावे.

घरात ही पुस्तके वाचायचीच असतील, तर माझी एक सूचना आहे. दिवाळीनंतर हिशेब मिटले की महिन्याला एक प्रकरण सर्वांनी मिळून वाचावे, आणि त्या वेळी आपली खतावणी समोर असावी. सुनांना आणि मुलींनाही त्यात बसवावे. हा उपचार नव्हे. वॉल्टन यांनी स्वतः कबूल केले आहे की प्रारंभी ते नोकरांना पगार फार तुटपुंजे देत. 1971 साली सर्व कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा देण्याची योजना आली, तिच्यामागे त्यांच्या पत्नी हेलन यांचा आग्रह होता. त्याच हेलन यांच्या वडिलांच्या सल्ल्याने 1953 च्या सुमारास या कुटुंबाने आपली मालमत्ता एका भागीदारीत ठेवून चारही मुलांचे हिस्से कागदावर लिहून घेतले. त्या वेळी थोरला मुलगा आठ-नऊ वर्षांचा होता, सर्वांत धाकटी मुलगी चार वर्षांच्या आसपास, आणि पहिले वॉलमार्ट उघडायला अजून नऊ वर्षे होती.