संगणकाची उमेदवारी : दाखला नको, काम हवे

घरातील मुलगा किंवा मुलगी बी.सी.एस., एम.सी.ए. अथवा संगणकशास्त्रात एम.एस्सी. करीत असेल, तर 'इंटर्नशिप' हा शब्द एव्हाना घरात पोहोचला असेल. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, उमेदवारी. गॅरेज असो की शिवणकामाचे दुकान, उस्तादाच्या हाताखाली काही काळ काढल्याशिवाय कारागीर तयार होत नाही, हे वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. संगणकाचा धंदाही त्यास अपवाद नाही. परंतु या उमेदवारीच्या नावावर आज जो बाजार मांडला गेला आहे, त्याकडे पालकांचे व विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे आम्हास आवश्यक वाटते.

कल्पना जुनीच

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली विद्यार्थ्यांना आळीपाळीने वर्गात व कारखान्यात पाठविण्यास सुरुवात केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हीच पद्धत स्वीकारली. तेथे साधारणतः चार महिने शिक्षण व चार महिने पगारी काम असा क्रम असतो. आपल्या देशात पिलानीच्या बिट्स संस्थेने १९७३ साली 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केले. महाराष्ट्रात एम.सी.ए. व एम.एस्सी.चे अखेरचे सत्र कंपनीत घालविण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक देण्यात आले.

एखादी गोष्ट सक्तीची झाली की तिचा कागद विकणारेही उभे राहतात. 'नोंदणी शुल्क भरा, महिन्याभरात दाखला घ्या' अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येऊन पडतात. कंपनीत ज्यांच्या ओळखीचे कोणी नाही, तेच विद्यार्थी यास बळी पडतात आणि घामाचा पैसा जातो पालकांचा.

शिकायचे ते काय ?

महाविद्यालयातील प्रकल्प चार मित्र मिळून कोऱ्या पाटीवर लिहितात, परीक्षक पाहतो आणि प्रकल्प कपाटात जातो. कंपनीत कोरी पाटी नसते. इतरांनी कित्येक वर्षांत लिहिलेल्या हजारो ओळी आधीपासून चालू असतात. त्या वाचणे, त्यातील चूक शोधणे, दहा ओळी बदलणे, त्या बदलाने दुसरे काही बिघडले नाही ना याची चाचणी घेणे, गिटसारख्या साधनात प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि अनुभवी सहकाऱ्याने काढलेल्या चुका निमूटपणे दुरुस्त करणे, ही खरी तालीम होय. ती दाखल्यावर छापून मिळत नाही. मुलाखतीत दोन प्रश्न विचारले की कोणी काम केले व कोणी कागद आणला, हे उघड होते.

होकार देण्यापूर्वी

विद्यार्थ्यांनी चार गोष्टी लेखी विचाराव्यात. काम कोणते? शिकविणारा अनुभवी माणूस कोण? विद्यावेतन किती व मुदत किती? महाविद्यालयाला हे काम मान्य आहे काय? जो शुल्क किंवा अनामत मागतो, मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो, त्याला सरळ नकार द्यावा. उमेदवाराला मोबदला थोडा मिळेल, पण काम करण्यासाठी त्यानेच पैसे मोजावेत हा उलटा व्यवहार झाला.

कायद्याची वाट

पदवी हाती आल्यावर आणखी एक मार्ग खुला होतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली अभियांत्रिकी पदवीधर आणि २०१४ साली अन्य शाखांचे पदवीधरही आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधरांचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविले व तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. करार नोंदलेला असल्याने फसवणुकीस वाव कमी राहतो.

ज्यांना पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणे परवडत नाही, त्यांच्यासाठी मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प आहेत. तेथे ओळख लागत नाही, शुल्क नाही आणि केलेले काम साऱ्या जगास दिसते. गुगलने २००५ साली सुरू केलेल्या 'समर ऑफ कोड' उपक्रमात निवड झालेल्यांना घरबसल्या मार्गदर्शक व मानधन मिळत आले आहे. २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुला झाला.

आमचे पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलाने दाखला आणला तर तो फ्रेम करण्यापूर्वी त्याला विचारा, 'तू तेथे काय दुरुस्त केलेस?' याचे उत्तर त्याच्यापाशी असेल, तर उमेदवारी सार्थकी लागली असे समजावे.